झोप म्हणजे आळस नव्हे



वस्तीतल्या बैठकांमध्ये बायका सांगतात : डोकं जड असतं, चिडचिड होते, काही लक्षात राहत नाही. मी विचारते, "झोपता किती?" की सगळ्याजणी हसतात. जणू झोप म्हणजे चैनच! सगळ्यांच्या नंतर आडवं व्हायचं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं, हे आपल्याला 'चांगल्या बाई'चं लक्षण म्हणून शिकवलं गेलं. आज जरा शरीराची बाजू ऐकू या.

झोपेचा कारभार मेंदू दोन प्रकारे चालवतो. एक म्हणजे दिवसरात्रीचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात, सुमारे २० हजार पेशींचा बारीकसा पुंजका आहे. डोळ्यांवाटे त्याला उजेडाची वर्दी मिळते. अंधारलं की त्याच्या इशाऱ्यावर मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवतं आणि रात्र झाल्याचं शरीराला कळतं. दुसरा हिशेब जागरणाचा. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, तसतशी झोपेची ओढ वाढते. चहातलं कॅफीन त्याचा परिणाम काही वेळ अडवतं, म्हणून तरतरी वाटते. पण साचलेलं उतरतं ते झोपेनेच.

झोपेत मेंदू बंद पडत नाही. सुमारे दीड तासाचं एक, अशी चार-पाच चक्रं रात्रीत होतात. त्यात शरीराची झीज भरून निघते, दिवसभरात शिकलेलं पक्कं होतं. मग बाळाला पाजायला, आजारी सासूला औषध द्यायला आणि पहाटे नळाचं पाणी भरायला जी उठते, तिची ही चक्रं पुनःपुन्हा तुटतात. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. वर्षानुवर्षं ती मिळाली नाही, तर रक्तदाब, मधुमेह, नैराश्य यांचा धोका वाढतो. रात्रपाळीच्या कामाने कर्करोग होण्याचा संभव आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली नोंदवलं.

आपली झोप जाते कुठे? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज २९९ मिनिटं जात होते. घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. बहुसंख्य पुरुष तर त्या कामाला हातही लावत नव्हते.

म्हणून थकलेल्या बाईला 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' म्हणून गोळी देणं हा उपाय नव्हे. रात्रीची उठबस घरात वाटून घ्यायला हवी. नळाला पाणी दिवसा यावं, रात्रपाळीच्या नर्सना विश्रांतीची खोली मिळावी, या मागण्या आपल्या निवेदनात यायला हव्यात. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आठ दिवसांची नोंद आणावी : किती वाजता झोपले, किती वेळा उठले, कोणासाठी उठले. त्या तिसऱ्या रकान्यापासून आपण चर्चा सुरू करू.