'त्यांनी' म्हणजे नेमकं कोणी?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



'यंत्रानुवाद आणि आपलं काम' हा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या, ते मी इथून पाहिलं. सकाळी पोटगीवर बोललो, दुपारी रेशनवर बोलायचंय, मग मध्येच हे यंत्र कुठून आलं? पण ते आपल्या कामात केव्हाच शिरलंय. गेल्या महिन्यात कितीजणींनी एखादा इंग्रजी कागद मोबाईलवर टाकून मराठीत करून घेतला? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. तेव्हा वापरायचं की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. कसं वापरायचं आणि कुठे थांबायचं, एवढाच प्रश्न आहे.

मी काही संगणकाची तज्ज्ञ नाही. संघटनेत आले तेव्हापासून अनुवादाचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते आजतागायत. पूर्वी आपली चक्रमुद्रित पत्रकं असायची. हिंदीत, इंग्रजीत काही चांगलं वाचनात आलं की रात्री बसून मराठी करायचं, सकाळी स्टेन्सिल कापायची. त्यामुळे हे यंत्र आलं तेव्हा मला त्याचा थोडा रागच आला होता. तो एका रात्रीत बराच उतरला.

त्या रात्री पोलिसांनी आमच्या केंद्रावर एका बाईला आणून सोडलं. घरकामासाठी आणलेली, बंगाली बोलणारी. हिंदी जेमतेम. आमच्यात बंगाली कुणालाच येत नव्हतं. आमच्या एका तरुण कार्यकर्तीनं मोबाईल पुढे धरला. ती मराठीत बोलली, मोबाईल बंगालीत बोलला. बाई आधी दचकली, मग रडली, मग बोलायला लागली. कुठे दुखतंय का, मूल कुठे आहे, कुणाला फोन लावायचा, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली. मूल शेजारणीकडे होतं. उजाडायच्या आत ते आईच्या कुशीत आलं. दुभाषी शोधत बसलो असतो तर दोन दिवस गेले असते. म्हणून सांगते, मी यंत्राला नावं ठेवायला उभी राहिलेली नाही.

हे यंत्र आलं कुठून, ते थोडक्यात सांगते. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम कंपनीनं एक प्रयोग करून दाखवला. साठाहून अधिक रशियन वाक्यांचं संगणकानं इंग्रजी केलं. शब्दसंग्रह २५० शब्दांचा, व्याकरणाचे नियम सहा. तीन ते पाच वर्षांत हा प्रश्न सुटेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. ती रशियन वाक्यं कार्डांवर छिद्रं पाडून यंत्रात घालणारी एक बाई होती. कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात तिचा उल्लेख 'रशियन न येणारी एक मुलगी' एवढाच आहे. पुरुष शास्त्रज्ञांची नावं मात्र आहेत! असो. पाच वर्षांत काही झालं नाही. १९६६ साली अमेरिकी सरकारच्याच समितीनं सांगितलं की माणसाच्या मानानं यंत्र हळू आहे, चुका जास्त करतं आणि खर्चही दुप्पट आहे. मग पैशांचा ओघ आटला.

पण जिथे विषय छोटा आणि वाक्यं ठरावीक, तिथे यंत्र चाललं. कॅनडात १९७७ पासून हवामानाची इंग्रजी निवेदनं यंत्र फ्रेंचमध्ये करू लागलं. पाऊस, वारा, तापमान, रोज तेच ते. आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीत १९९१ च्या सुमारास 'आंग्लभारती'चं काम सुरू झालं. पुण्याच्या सी-डॅकनं सरकारी इंग्रजी कागद हिंदीत करणारी 'मंत्र' ही प्रणाली बनवली. आणि कानपूर-हैदराबादच्या संशोधकांनी 'अनुसारक' नावाचं एक वेगळंच काम केलं. मराठी, तेलुगू, कन्नड, बंगाली, पंजाबीतला मजकूर ते हिंदी वाचणाऱ्यापर्यंत पोचवत असे, पण त्याचं हिंदी ओबडधोबड असायचं. मूळ वाक्यात जे आहे ते सगळं समोर ठेवायचं, अर्थ वाचणाऱ्यानं लावायचा, असा त्यामागचा विचार. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. का, ते पुढे येईल.

आजची यंत्रं नियमांवर चालत नाहीत. त्यांना दोन भाषांतली वाक्यांच्या जोड्या दाखवतात, लाखो, कोट्यवधी. कायदे, बातम्या, धर्मग्रंथ, सरकारी पत्रकं, जे जे दोन्ही भाषांत मिळेल ते. त्यातून यंत्र अंदाज बांधतं की या शब्दांनंतर बहुधा हे शब्द येतात. गूगलच्या अनुवादात मराठी २०१३ मध्ये आली, कोकणी २०२२ मध्ये. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये 'भाषिणी' सुरू केली. सर्वोच्च न्यायालयाचं 'सुवास' हे अनुवादाचं यंत्र २०१९ पासून आहे, त्याच्या मदतीनं निकाल मराठीतही मिळतात. मात्र तो अनुवाद पक्षकाराला समजण्यापुरता आहे, अधिकृत प्रत इंग्रजीच धरायची, असं न्यायालयानंच म्हटलंय. ही सूचना लक्षात ठेवा.

जास्त वेळा जे लिहिलं गेलं ते खरं, हा यंत्राचा हिशेब. आता तुम्हीच सांगा, आजवर जास्त कुणी लिहिलं? कुणाविषयी लिहिलं? तुर्की भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे. यंत्र त्याचं इंग्रजी करताना डॉक्टर असेल तर 'तो' करायचं, नर्स असेल तर 'ती'. यावर जगभर टीका झाली, तेव्हा डिसेंबर २०१८ पासून गूगलनं अशा काही वाक्यांना दोन्ही पर्याय द्यायला सुरुवात केली. मराठीत तर क्रियापदातच बाई-पुरुष दिसतो. आम्ही एक इंग्रजी पत्रक यंत्रात घातलं. मार खाणारी बाई त्यात स्वतःबद्दल बोलत होती. मराठी बाहेर आलं: 'मी थकलो आहे. मी पोलिसांकडे गेलो.' हसू नका. पत्रक छापायला गेलं होतं. छापखान्यातल्या बाईनं फोन करून विचारलं, म्हणून वाचलो.

आता जे मला मुख्यतः सांगायचंय ते सांगते. यात चूक आमची होती.

आमच्याकडे एक बाई यायची. नाव सांगत नाही. सासरच्यांवर तिनं गुन्हा नोंदवला होता, आणि तो रद्द करावा म्हणून सासरचे उच्च न्यायालयात गेले होते. अशा वेळी कोर्ट पहिली गोष्ट बघतं ती ही, की कुणी नेमकं काय केलं. सगळ्या सासरवर मिळून मोघम आरोप असतील तर खटला टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बिहारमधल्या एका प्रकरणात हेच सांगितलंय. तिची हकीकत आमच्याकडे मराठीत लिहिलेली होती, नऊ पानं. वकिलांना ती इंग्रजीत हवी होती आणि दुसऱ्याच दिवशी हवी होती. मी आजारी. मुलींनी ती यंत्रात घातली. दहा मिनिटांत सुरेख, स्वच्छ इंग्रजी आलं. कुठे अडखळ नाही, खाडाखोड नाही.

सही करण्याआधी वाचून दाखवायचं, हा आमचा जुना शिरस्ता. तेवढा पाळला म्हणून बरं. आमची कार्यकर्ती इंग्रजी कागद हातात धरून मराठीत सांगत होती. 'तुला त्या सगळ्यांनी मारलं,' ती म्हणाली.

बाई म्हणाली, 'सगळ्यांनी कुठं? त्यांनी मारलं. सासू तर आत होती.'

पुढे वाचलं, 'जावेनं दागिने ठेवून घेतले.' तशी ती उठूनच उभी राहिली. 'जावेचं नाव कुणी घातलं? ती मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. दागिने नणंदेनं ठेवले. जाऊ नसती तर मी इथं बसले असते का?'

काय झालं होतं? तिनं हकीकतीत नवऱ्याला 'त्यांनी' म्हटलं होतं, आपल्याकडे म्हणतात तसं. यंत्रानं त्या आदरार्थी 'त्यांनी'चं अनेकवचन केलं. एकाचे चार झाले. आणि जाऊ, नणंद, भावजय, मेहुणी या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द, 'सिस्टर-इन-लॉ'. जिनं वाचवलं ती आणि जिनं लुबाडलं ती, दोघी एक झाल्या. तो कागद कोर्टात गेला असता तर मारणारा घोळक्यात लपला असता, आणि तिच्या बाजूनं बोलणारी एकुलती एक साक्षीदार आरोपी झाली असती.

आमची कार्यकर्ती म्हणाली, 'ताई, त्यांनी म्हणजे कोणी, ते नावानं सांगा. कागदावर नाव लागेल.' ती म्हणाली, 'नाव कसं घेऊ?' बराच वेळ गप्प बसली. मग भिंतीकडे तोंड करून तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती.

त्या दिवशी मला 'अनुसारक'ची आठवण झाली. ओबडधोबड अनुवाद वाचताना आपण जागे असतो. कळलं नाही तर विचारतो. आजच्या यंत्राचं वाक्य इतकं गुळगुळीत असतं की शंकाच येत नाही. यंत्राला खात्री नाही हे आपल्याला दिसत नाही. म्हणून ज्याला इंग्रजी कमी येतं, त्याची फसगत जास्त.

तर काय करायचं? आमच्या केंद्रात आम्ही जे ठरवलंय ते सांगते. तुमच्याकडे बसून तुम्ही तुमचं ठरवा.

एक. समजून घेण्यासाठी यंत्र वापरायचं. शासन निर्णय, निकाल, दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणींचं पत्रक, सगळं वाचा. इंग्रजी येत नाही म्हणून कुणापुढे ताटकळायची गरज नाही. पण ज्यावर सही किंवा अंगठा होणार, तो कागद माणसानं शब्दन् शब्द तपासल्याशिवाय जाणार नाही.

दोन. बाईची हकीकत मोबाईलमध्ये घातली की ती सहसा कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावर पोचते. म्हणून आधी नाव, गाव, फोन, आजारपण काढून खुणा घालायच्या.

तीन. लाल पेन घेऊन बसायचं. 'त्यांनी', 'ह्यांनी', नात्याचे सगळे शब्द, 'गेलो-गेले', 'नाही', तारखा आणि रकमा, यांच्याखाली रेघ मारायची आणि मुळाशी ताडून पाहायचं. इंग्रजीत नातं फोडून लिहायचं: नवऱ्याची बहीण, नवऱ्याच्या भावाची बायको. आणि माणसागणिक नाव.

चार. अनुवाद झाला की तो तिच्यासमोर, तिच्या बोलीत परत वाचून दाखवायचा. ज्या कार्यकर्तीनं मूळ हकीकत लिहून घेतली, तिनं वाचायचा नाही. तिच्या डोक्यात मूळ असतं, ती नकळत सुधारून वाचते. दुसरीनं वाचायचा.

पाच. हे काम आहे आणि त्याला वेळ व पैसा लागतो. यंत्र आलं म्हणून अंदाजपत्रकातली अनुवादाची ओळ कापणारे भेटतील. त्यांना ही जावेची गोष्ट सांगा. तपासणाऱ्या बाईचं नावही कागदावर लिहा. १९५४ ची ती 'एक मुलगी' आपल्याकडे पुन्हा नको.

शेवटचं एक. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं आदिवासी भाषांसाठी 'आदि वाणी' सुरू केली, त्यात गोंडी आणि भिली आहेत. म्हणजे हे यंत्र आता वाड्यापाड्यांपर्यंत येणार. त्यात जे लिखाण पडेल तसं ते बोलेल. आपली पत्रकं, गाणी, अंक दोन-दोन भाषांत छापत राहू या, म्हणजे आपले शब्दही त्या ढिगात असतील. पण कुणा बाईची हकीकत त्यात तिला विचारल्याशिवाय जाता कामा नये.

यंत्र तिचं म्हणणं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेईल. ते तिचंच राहिलं का, हे फक्त ती सांगू शकते. तेवढं तिला विचारायला विसरू नका.

आता प्रश्न विचारा. मोबाईल काढा, आणि सोबत आणलेला एखादा कागदही काढा. एकत्र तपासून बघू.