लुटुपुटूची लढाई आणि यंत्राचा गडी

देवळाच्या ओट्यावर किंवा पाराच्या फरशीवर कोळशाने रेखलेला वाघबकरीचा पट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एका बाजूला मोजके वाघ, दुसऱ्या बाजूला बकऱ्यांचा कळप. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला काही खाता येत नाही, ती फक्त वाट अडवते. दोघांचे बळ सारखे नाही, जिंकण्याची रीतही सारखी नाही, तरी हा डाव अन्यायाचा आहे असे कोणी म्हणत नाही. नेपाळात हाच खेळ चार वाघ आणि वीस बकऱ्या घेऊन खेळतात, त्याला तिकडे बाघचाल म्हणतात. या शतकात संशोधकांनी संगणकाकडून तो डाव मुळापासून सोडवून घेतला. निघाले काय? दोन्ही गडी न चुकता खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. खेळता खेळता लोकांनी जमवलेला तोल यंत्राच्या हिशेबालाही खरा उतरला.

आज मला बोलायचे आहे ते अशाच तोलाविषयी. पण वाघबकरीच्या नव्हे, तर इतिहासातली लढाई पटावर किंवा संगणकावर मांडून खेळतात, त्या खेळांतल्या तोलाविषयी. आणि समोर माणूस नसून यंत्र बसले असेल तर तो गडी शहाणा कसा करायचा, याविषयी. तुम्ही म्हणाल, मास्तर, हे पोरखेळ रेडिओवर कशाला? सांगतो.

आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध शिकवताना मी जमिनीवर खडूने सह्याद्री काढला. घरे पाडली, त्यांत नऊ गड मांडले. मोगलांचे बारा चिंचोके, मराठ्यांचे पाच खडे. डाव सुरू होतो १६९९ च्या पावसाळ्यानंतर, बादशहा भीमेकाठची ब्रह्मपुरीची छावणी सोडून गड घ्यायला निघतो तेव्हापासून. आणि संपतो १७०७ च्या फेब्रुवारी-मार्चात, अहमदनगरला त्याच्या मृत्यूपाशी. वर्षाच्या खेळ्या तीन : पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. शेवटी ज्याच्याकडे गड जास्त, तो जिंकला. सोपा नियम, मुलांना लगेच समजला.

पहिल्या दिवशी मोगल जिंकले. दुसऱ्या दिवशी मुलांनी बाजू बदलल्या, तरी मोगलच जिंकले. आठवडाभर हेच चालले. शनिवारी एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ''सर, मग पुस्तकात लिहिलंय ते खोटं का?''

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो. कारण गडांची मोजणी म्हणाल तर मुलगा चुकला नव्हता. सातारा १७०० मध्ये पडला, परळीही त्याच साली. मग पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, १७०४ पर्यंत राजगड आणि तोरणाही. नकाशावर एकेक गड मोगलांचा होत गेला. त्या वेळी कोणी नुसते गड मोजले असते, तर मराठे हरले असेच म्हटले असते. मुलाने माझ्या खेळावर विश्वास ठेवला होता, आणि माझा खेळ चुकीची गोष्ट मोजत होता.

मुलांनी आपला उपाय काढला : मराठ्यांना आणखी पाच खडे द्या. दिले. चार डाव मोगलांचे, चार मराठ्यांचे. तोल जमला! पण डाव पाहिला तर मराठे उघड्या मैदानात रांग धरून बारा चिंचोक्यांशी झुंजत होते. असे ते लढलेच नव्हते. दोन्ही बाजू सारख्याच वेळा जिंकल्या म्हणजे तोल झाला, ही समजूत पुष्कळ खेळ करणाऱ्यांचीही असते. कुस्तीत वजनाचे गट असतात, ते ठीक आहे. पण इतिहासातली युद्धे वजन बघून जुळवलेली नसतात. दुबळ्या बाजूला जास्तीचे सैन्य देणे ही सर्वांत सोपी दुरुस्ती आहे, आणि माझ्या मते सर्वांत वाईटही. दुबळी बाजू दुबळी असूनही कशी टिकली, हाच तर धडा असतो.

मग आम्ही धान्य आणले. प्रत्येक चिंचोका एका खेळीला जोंधळ्याचा एक दाणा खातो. दाणे मागच्या ठाण्यातून रस्त्याने येतात. रस्त्यावर मराठ्यांचा खडा उभा राहिला की पुढचे दाणे बंद. शिवाय घेतलेला गड राखायचा तर तिथे एक चिंचोका कायमचा बसवावा लागतो. झाले! नियम दोनच, पण डावाची तऱ्हाच पालटली. मोगल जितके गड घेत, तितके त्यांचे मोकळे सैन्य कमी होई. सातव्या गडापाशी बादशहा झालेला मुलगा हातातले दाणे मोजून हळूच म्हणाला, ''जिंकतोय, पण पुरत नाहीये.'' त्या युद्धाचे इतके नेमके वर्णन मला वीस वर्षे शिकवून साधले नव्हते.

पावसाचाही नियम हवाच होता. १७०२ मध्ये विशाळगड ताब्यात आल्यावर मोगल फौज भर पावसाळ्यात पन्हाळ्याकडे परतली. वाट फार लांबची नव्हे. पण नाले, चिखल आणि घाट यांत महिन्याहून अधिक काळ गेला, जनावरे मेली, सामान वाहून गेले. गड घेतला तो घेतला, पण परतताना काय गमावले ते गडांच्या यादीत दिसत नाही.

लढाईचा खेळ करून त्यात पंच बसवायची ही कल्पना काही माझी नव्हे. प्रशियाच्या सैन्यातला लेफ्टनंट फॉन राइसवित्स याने १८२४ मध्ये असा खेळ छापून काढला. त्याच्या वडिलांनी त्याआधी १८१२ मध्ये एक प्रकार मांडला होताच. मुलाने तो खऱ्या नकाशांवर आणला. एक खेळी म्हणजे लढाईतली दोन मिनिटे. दोन्ही पक्ष हुकूम लिहून पंचाला देत. शत्रू नजरेच्या टप्प्यात असेल तरच पंच त्याचा ठोकळा नकाशावर ठेवी, आणि नुकसान किती झाले ते फासे आणि कोष्टके पाहून ठरवी. पुढे १८७० नंतर काही अधिकाऱ्यांनी कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निवाड्यावर खेळ सोपवला, कारण हिशेबात वेळ फार जाई. संगणक आला आणि ही कोष्टके पाहण्याची कटकट गेली. पण संगणकाला दुहेरी चाकरी करावी लागते. तो पंचही असतो आणि समोरचा गडीही. खरी अडचण इथे सुरू होते.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अभियांत्रिकी कॉलेजात शिकतो. त्याने आमचा खडूचा डाव शाळेच्या संगणकावर आणला आणि बादशहाची बाजू यंत्राकडे दिली. यंत्राला त्याने शिकवले होते इतकेच : जवळचा गड शोध, सगळे सैन्य घेऊन जा, वाटेत शत्रू दिसला तर त्याच्यावर चालून जा. मुलांनी दोन दिवसांत त्याची खोड ओळखली. एक खडा छावणीजवळ नेऊन दाखवायचा आणि पळायचे. अख्खी मोगल फौज त्या एका खड्यामागे सह्याद्रीभर धावे. पोरे हसून लोळत. तिसऱ्या दिवशी हसू आले नाही, चौथ्या दिवशी कोणी खेळायला बसेना.

मग त्या पठ्ठ्याने गुपचूप एक युक्ती केली. यंत्राला दुप्पट दाणे मिळू लागले. मुले हरू लागली, आणि काही दिवस खेळात जीव आला. पण दाणे मोजायची सवय लागलेली पोरे ती! एका मुलीने कागदावर टिपण ठेवले आणि विचारले, ''दादा, रस्ता तर आम्ही अडवलाय. मग हा खातो कुठून?''

बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ खेळांत ही युक्ती सर्रास चालते. पातळी कठीण करा, की यंत्राला जास्तीचे धन मिळते, त्याची बांधकामे स्वस्तात होतात. हे खेळाडूला उघड सांगितले तर माझी तक्रार नाही; आपण लहान भावाला बुद्धिबळात वजीर काढून देतो तसेच ते. पण लपवून केले तर मूल दोनपैकी एक काहीतरी शिकते. मी मंद आहे हे, किंवा जग लबाड आहे हे. शिक्षक बंधुभगिनींनो, मोबाइलवर हरून चिडलेल्या मुलाला 'हरायला शिक' म्हणण्याआधी, समोरचा गडी सरळ खेळत होता का, हे एकदा विचारा.

सरळ खेळणारे यंत्र करता येते, आणि ते फार पूर्वी करून दाखवलेले आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत ख्रिस क्रॉफर्ड याने अटारीच्या घरगुती संगणकासाठी 'ईस्टर्न फ्रंट' नावाचा खेळ लिहिला. जर्मनीने २२ जून १९४१ ला रशियावर केलेली स्वारी हा त्याचा विषय. माणूस जर्मन बाजू खेळतो, यंत्र रशियन. एक खेळी म्हणजे एक आठवडा. त्या संगणकाची स्मृती आजच्या साध्या फोनपुढे काहीच नव्हे. तरी क्रॉफर्डने दोन गोष्टी फार हुशारीने साधल्या. एक अशी, की माणूस विचार करत बसलेला असतो तेवढ्या वेळात यंत्रही आपल्या चाली पुन्हा पुन्हा तपासून सुधारत राहते. तुम्ही जितका वेळ घ्याल तितका तोही शहाणा होतो. दुसरी अशी, की यंत्राला बचावाची बाजू दिली. बचाव करणाऱ्याने आपली फळी सलग ठेवली, खिंडार पडू दिले नाही, की निम्मे काम झाले. हे यंत्राला शिकवणे त्या मानाने सोपे. पुढचा भार रशियाच्या हिवाळ्यावर. नद्या गोठतात, रसद आटते, आणि जोरात निघालेला हल्ला आपोआप मंदावतो. यंत्राच्या बुद्धीला जे झेपत नाही ते काम भूगोलाने आणि ऋतूने केले, आणि इतिहासाला धरूनच केले.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. २००९ साली इंग्लंडमधल्या एका मंडळीने 'एम्पायर : टोटल वॉर' हा मोठा खेळ काढला. डाव १७०० सालापासून सुरू होतो आणि त्यात मराठ्यांची सत्ता घेऊनही खेळता येते. चित्रे सुरेख, तोफा-गलबते देखणी. पण खेळ बाहेर आला तेव्हा यंत्राच्या हाती असलेल्या सत्तांना जहाजांतून सैन्य नेऊन परक्या किनाऱ्यावर उतरवणेच नीट जमत नव्हते. आता सांगा, अठराव्या शतकाच्या हिंदुस्थानाचा खेळ, आणि समुद्रापलीकडून कोणी येऊच शकत नाही! पुढच्या दुरुस्त्यांमध्ये त्यांनी हे सुधारले. पण तोवर कोणी इंग्रजांच्या फौजेचे आकडे वाढवून तोल साधू पाहिला असता, तर काय उपयोग होता? उणीव आकड्यात नव्हती, गड्याच्या अकलेत होती.

आमच्याकडेही हेच झाले. लबाडी पकडली गेल्यावर माजी विद्यार्थ्याने यंत्राला नीट हिशेब शिकवला. प्रत्येक चालीनंतर गड किती, दाणे किती उरले, मागचा रस्ता सुरक्षित आहे का, पाऊस किती दूर, या सगळ्यांना गुण द्यायचे आणि सर्वांत जास्त गुणांची चाल खेळायची. पहिल्याच दिवशी बादशहा ब्रह्मपुरीतून हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेर पडले की दाणे घटतात, रस्ता धोक्यात येतो. मग बसून राहणेच उत्तम, असा त्याचा निवाडा! मुलांपैकीच एकाने कारण काढले. ''सर, त्याला आपलं वय माहीत नाही.'' खरेच होते. औरंगजेब १६१८ चा; १६९९ मध्ये ऐंशी उलटलेली. मग रिकाम्या गेलेल्या प्रत्येक खेळीला यंत्राचे गुण कापले, आणि बादशहा निघाला.

तुम्हांला वर्गात असा डाव मांडायचा असेल तर माझा अनुभव सांगतो. दोन्ही बाजू बदलून खेळवा आणि निकाल लिहून ठेवा. एका वेळी एकच नियम बदला, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. आणि यंत्राला यंत्राशी खेळवून निघालेल्या आकड्यांवर एकदम विसंबू नका. आमच्या विद्यार्थ्याने रात्रभर असे शेकडो डाव चालवले. मराठे जवळजवळ सगळे हरले. तो नियम बदलायला निघाला होता. मी म्हटले, थांब, आधी मराठ्यांचे डाव बघू. यंत्राचे मराठे प्रत्येक गडाच्या दारात छाती काढून उभे होते. रस्त्याकडे एकही खडा गेला नव्हता. वर्गातली मुले मात्र त्याच नियमांनी दहांतले पाच-सहा डाव जिंकत होती. नियम आम्ही तसेच ठेवले.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आता पंच आहे. गड कोणाकडे किती, हे तो अजूनही शेवटी मोजतो; पण त्याआधी मोगलांचे उरलेले दाणे मोजतो आणि मगच निकाल सांगतो. सध्या त्याचे आणि वर्गाचे भांडण चालू आहे ते पावसाळ्यातल्या खेळीवरून. चिखलात मोगलांना एक घर चालू द्यायचे यावर सर्वांचे एकमत आहे. मराठ्यांच्या घोड्यांना दोन द्यावे की एकच, यावर नाही. घाटाखालच्या वाडीतून येणारी मुले म्हणतात, पावसात आमच्याकडे घोडाच काय, बैलही उतरत नाही, एकच द्या. येत्या शनिवारी दोन्ही प्रकारे पाच-पाच डाव खेळून बघायचे ठरले आहे.