पालथं झोपवण्याचं शास्त्र

फुप्फुसांना अचानक होणारी इजा आणि तिच्यावरचं संशोधन, या विषयावर बोला, असं रेडिओ केंद्रानं सुचवलं. न्यूमोनिया, स्वाइन फ्लू, लेप्टो, मोठा अपघात, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, कारण कुठलंही असो; काही रुग्णांच्या फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांची भिंत गळू लागते आणि हवेच्या जागी पाणी साचतं. मग बाहेरून कितीही ऑक्सिजन द्या, तो रक्तापर्यंत पुरेसा पोचत नाही. १९६७ साली डेन्व्हरच्या डॉक्टरांनी असे १२ रुग्ण ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले. पुढे या आजाराला एआरडीएस हे नाव पडलं.

औषधं पुष्कळ तपासून झाली. ॲस्पिरिननं हा आजार टळतो का, स्टॅटिननं बरा होतो का? मोठ्या चाचण्यांत दोन्हींचा उपयोग दिसला नाही. २०२० मध्ये कोविडच्या गंभीर रुग्णांना डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडनं वाचवलं, हे खरं. पण सर्वांत जास्त शिकवलं ते व्हेंटिलेटरनं. पूर्वी आम्ही भरपूर हवा आत ढकलायचो. आजारी फुप्फुसाचा उघडा राहिलेला भाग मात्र लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच असतो, आणि तो त्या हवेनं ताणून फाटायचा. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांच्या चाचणीत प्रत्येक श्वासाची हवा निम्मी केली, किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६. मृत्यू शंभरात ४० वरून ३१ वर आले.

आता हा किलो कुठला? वजनकाट्यावरचा नव्हे, उंचीवरून काढलेला. पोट सुटलं म्हणून फुप्फुस वाढत नाही! दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईला एका श्वासाला साधारण २६० मिलिलिटर पुरतात, मग तिचं वजन ५० असो की ८०. म्हणून विद्यार्थ्यांना मी सारखं सांगतो, आधी टेप घ्या, उंची मोजा. अंदाजानं लिहू नका. बुटक्या बायकांना त्या अंदाजाची किंमत मोजावी लागते.

आणि आता माझा आवडता भाग, रुग्णाला पालथं झोपवणं. उताण्या माणसाच्या फुप्फुसाचा पाठीकडचा मोठा भाग हृदयाखाली आणि सुजलेल्या फुप्फुसाच्याच वजनाखाली दबतो, ओल्या स्पंजसारखा. पालथं केलं की तो उघडतो. रक्त तिथं वाहतच असतं, त्याला आता हवा भेटते. करायला मात्र पाच-सहा माणसं लागतात. एक जण डोक्याशी, त्यानं फक्त श्वासनळीतली नळी धरायची, दुसरं काही नाही. डोळे मिटून पट्टी लावायची, छातीवरचे ईसीजीचे स्टिकर पाठीवर घ्यायचे, गालाखाली मऊ उशी. मग आकडे मोजून सगळ्यांनी एकदम वळवायचं. २००१ साली इटलीतल्या चाचणीत रोज सहा-सात तास पालथं ठेवलं, तर मृत्यू घटले नाहीत. २०१३ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ४६६ गंभीर रुग्णांत तेच सलग सोळा तास केलं. २८ दिवसांतले मृत्यू शंभरात ३३ वरून १६ वर. सोळा तास. पुन्हा सांगतो, सलग सोळा तास. त्यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. होते ते नर्सेस आणि वॉर्डबॉय यांचे हात, आणि ते हात पुरेसे नेमणं हा माझ्या मते उपचारच आहे.

मूलपेशींबद्दल बोलायचं होतं, पण वेळ संपत आलाय. हा आजार टाळण्याचं तरी सांगतोच. चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायची आपली सवय आहे. कृपा करून ओतू नका, ते पाणी फुप्फुसात जातं. त्याला कुशीवर वळवा. लहान मुलानं रॉकेल प्यायलं तर उलटी काढायला लावू नका, उलटीबरोबर रॉकेल फुप्फुसात उतरतं. तसंच दवाखान्यात न्या. आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत आला असाल, तर लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्यांसाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा, ताप यायची वाट पाहू नका.