ठशांचा खर्च कोणाच्या खिशातून?

(अभ्यासवर्गातील भाषण)

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला न्हाऊ घालणारी, भरवणारी, त्याच्या घराची किल्ली जवळ बाळगणारी व्यक्तीच मारकुटी निघाली, तर त्याने दाद मागावी कोणाकडे? शुश्रूषा करणाऱ्यांची गुन्हेगारी पूर्वपीठिका तपासावी, या मागणीत म्हणूनच गैर काही नाही. वाद आहे तो खर्चाचा. आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तो मतपेटीपर्यंत गेला.

तेथे पूर्वी राज्यातील जुन्या रहिवाशाचे केवळ नाव व जन्मतारीख राज्याच्या दप्तराशी ताडून पाहत. परराज्यात केलेला गुन्हा त्यात सापडावा कसा? २००८ साली जनमताने कायदा झाला : नव्या सेवकांच्या बोटांचे ठसे केंद्रीय तपास यंत्रणेकडून पडताळून घ्यावेत आणि त्यांना ७५ तासांचे प्रशिक्षण द्यावे. सत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी कौल दिला. पण मंदी आली, आणि तिजोरी रिकामी असल्याचे सांगून विधिमंडळाने अंमलबजावणी पुढे ढकलली. मंदीत पहिली कात्री नेहमी दुबळ्यांच्याच तरतुदीला लागते.

२०११ साली पुन्हा मतदान झाले. या मोहिमेमागे मालक नव्हते. सेवकांचीच कामगार संघटना होती. प्रशिक्षणाच्या व्यवस्थेत तिचा वाटा असल्याने यात तिचा स्वार्थ आहे, अशी टीका झाली. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप असा की, नवा कर न सुचविता खर्च वाढविला जात आहे. तरीही सुमारे दोनतृतीयांश मते प्रस्तावाच्या बाजूने पडली, आणि ७ जानेवारी २०१२ नंतर नेमलेल्यांना ही तपासणी लागू झाली.

या कायद्यातील एक वाक्य महत्त्वाचे आहे : तपासणीचा खर्च शासनाने सेवकावर किंवा त्याच्या मालकावर टाकू नये. तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या, बहुसंख्येने स्त्रिया असलेल्या या वर्गाकडून ठशांचे पैसे घेणे म्हणजे नोकरी मिळण्यापूर्वीच कर वसूल करणे होय. मालकाला भरायला लावले, तरी तो ते वेतनातूनच कापणार. सुरक्षितता समाजाला हवी असेल, तर पैसाही समाजाच्या तिजोरीतून यावा. २०१० च्या केंद्रीय आरोग्य कायद्यानेही अशा तपासणी योजनांसाठी राज्याच्या एका डॉलरमागे केंद्राचे तीन डॉलर, ठराविक मर्यादेपर्यंत, देऊ केले होते.

शुल्क माफ झाले तरी अहवाल येईपर्यंत सेविकेला घरी बसविले, तर तिची मजुरी बुडतेच. म्हणून वॉशिंग्टनमध्ये १२० दिवसांपर्यंत हंगामी नेमणुकीची मुभा ठेवण्यात आली. त्याआधी नाव व जन्मतारखेची तपासणी मात्र निर्दोष ठरावी लागते.