दोन पक्षांची राजवट बदलते का? गोव्याचा अनुभव

(मंडळाच्या सर्वण येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीनंतर एका तरुणाने मला विचारले, "काका, शेवटी पक्ष दोनच. एकाला कंटाळलो की दुसरा, दुसऱ्याला कंटाळलो की पुन्हा पहिला. हे कधी बदलणार आहे का?" त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देतो. हे बदलते. आपल्या गोव्यात आपल्या डोळ्यांदेखत बदलले आहे. मात्र कसे बदलले, ते नीट समजून घेतले पाहिजे.

डिसेंबर १९६३ मध्ये गोव्याची पहिली निवडणूक झाली. विधानसभा ३० जणांची. २८ गोव्याचे, एक दमणचा, एक दीवचा. मगो पक्षाला १४ आणि युगो पक्षाला १२ जागा मिळाल्या. दिल्लीत सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. यातला एक पक्ष चौदा वर्षांत नाहीसा होईल असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. आपल्या डिचोली-पेडण्यात तर सिंहावर शिक्का मारणे हा विचार करण्याचा विषयच नव्हता. कुलदैवत असते तसा घरचा पक्ष असे.

हे दोन्ही पक्ष एका प्रश्नावर उभे होते. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा? मराठी की कोकणी, कूळ-मुंडकार की भाटकार, हे वादही त्याच प्रश्नाला येऊन मिळाले होते. प्रत्येकाला रेषेच्या एका बाजूला उभे राहणे भाग होते. तिथे तिसऱ्याला जागा कुठून मिळणार?

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. फूल ही विलीनीकरणाची निशाणी, दोन पाने वेगळे राहण्याची. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. निकालाच्या रात्री आमच्या घरी कोणी धड जेवले नाही, असे आई सांगायची.

आता पुढचे पाहा. कौल हरलेल्या मगोला त्याच वर्षी मार्चमध्ये १६ जागा मिळाल्या. आणि कौल जिंकलेला युगो? १९७२ साली तो १० जागांवर आला आणि १९७७ च्या निवडणुकीत त्याचे नावही उरले नाही; त्याची माणसे काँग्रेस आणि जनता पक्षात वाटली गेली. ज्या कामासाठी तो पक्ष जन्मला होता, ते काम झाले होते. मगोकडे मात्र दुसरे काम शिल्लक होते. भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव शाळा नेल्या, १९६४ साली कूळ कायदा आला. शशिकलाताईंच्या काळात १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची 'कसेल त्याची जमीन' ही दुरुस्ती झाली. हे काम जसजसे पुरे होत गेले, तसतशी पक्षाशी बांधलेली गाठही सैल झाली. त्यात घरचीच माणसे फुटली आणि १९७९ साली सरकार कोसळले. जानेवारी १९८० मध्ये मगो ७ जागांवर आला.

प्रश्न पुन्हा पेटला की पक्षही पुन्हा उठतो, हेही आपण पाहिले आहे. १९८४ साली मगोला ३० पैकी ८ जागा होत्या. १९८७ साली राजभाषा कायदा झाला, मराठीभाषकांचे मन दुखावले आणि १९८९ साली मगोला ४० पैकी १८ जागा मिळाल्या. पण लवकरच त्यातले काही आमदार सत्तेसाठी काँग्रेसकडे गेले. १९९४ साली मगोने भाजपशी युती केली. तेव्हा मगो १२, भाजप ४. १९९९ साली भाजप १० आणि मगो ४. कडेवर घेतलेले मूल बघता बघता घराचे कर्ते झाले!

म्हणजे खुर्च्या दोनच राहिल्या, बसणारे बदलले. याचे एक कारण आपल्या मतदान पद्धतीत आहे. मतदारसंघातून एकच निवडून येतो, म्हणून तिसऱ्याला दिलेले मत फुकट जाईल अशी भीती वाटते. इंग्लंडातही हीच पद्धत. तरीही तिथे पहिल्या महायुद्धानंतर उदारमतवादी पक्षाची जागा मजूर पक्षाने घेतली आणि १९२४ साली सरकारही बनवले. कामगारांचा प्रश्न जुने पक्ष पेलू शकले नाहीत, म्हणून.

आज आपल्यापुढे वेगळेच संकट आहे. २००३ पासूनच्या कायद्याप्रमाणे एकतृतीयांश आमदारांनी फुटून चालत नाही. विलीनीकरण म्हणायचे तर दोनतृतीयांश लागतात. मार्च २०१९ मध्ये मगोच्या ३ पैकी २ आमदार भाजपमध्ये गेले. जुलैमध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० गेले. हिशेब अगदी काटेकोर! २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, खुरसापाशी आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ गेले. आपण भांडतो दोन पक्षांवरून, आणि निकालानंतर दुसरा पक्ष पहिल्याच्याच घरी जेवायला बसलेला असतो. मतदाराच्या हातात दुसरा पर्याय उरत नसेल, तर दोन पक्ष तरी कुठे राहिले?

मग करायचे काय? नवा पक्ष येईल म्हणून वाट पाहत बसू नये. पक्ष प्रश्नावर उभे राहतात आणि प्रश्न लोक ठरवतात. पटसंख्येअभावी बंद पडणाऱ्या सरकारी मराठी शाळा, मामलेदाराच्या कचेरीत वर्षानुवर्षे पडून असलेले कूळ-मुंडकारांचे खटले, खाणी बंद पडल्यानंतर डिचोली तालुक्यातल्या मुलांची रोजगारासाठी झालेली ओढाताण, हे आपले प्रश्न. दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हेच विचारा. आणि आणखी एक विचारा: पक्ष सोडलात तर आधी आमदारकीचा राजीनामा देणार का? उत्तर लिहून ठेवा. पाच वर्षांनी तो कागद त्याच्यापुढे ठेवा, मग तो घरचा माणूस असो की परका.

आपण जुनी घराणी. आजोबांनी मत दिले ते शाळेसाठी आणि जमिनीसाठी. त्यांची निशाणी आपण जपली, त्यांचे कारण विसरलो. त्या तरुणाला माझे एवढेच सांगणे आहे, की बाबा, निशाणी बदल नाहीतर तीच ठेव, पण कारण तुझे स्वतःचे असू दे.