माणदेश : मुलूख आणि माणसं



महाबळेश्वर सातारा जिल्ह्यात आणि माण तालुकाही त्याच जिल्ह्यात. पण महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि माणात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक म्हणतात, "औंदा बरं झालं!" ढगांचं पाणी सह्याद्री अडवतो आणि त्याच्या पूर्वेला सावली पडते. या सावलीतला माण, आटपाडी, सांगोला हा माणगंगेकाठचा मुलूख म्हणजे माणदेश.

जिथं पिकाचा भरवसा नाही, तिथं माणूस पायांवर चालणारं धन जोडतो. काटक खिलार बैल इथलाच. खरसुंडीच्या जत्रेत त्याची पारख करणारे जाणकार आजही भेटतात. धनगराची मेंढरं हे दुसरं धन. शेतकरी ती रानात बसवून घेतो. मेंढक्याला धान्य मिळतं, जमिनीला खत मिळतं. आटपाडी-खानापूरकडची पोरं सोनं-चांदी गाळण्याचा गलाई धंदा शिकून हिंदुस्थानभर पांगली. पण मुळं गावातच राहिली. जत्रेला ती परत येणारच!

या मुलखाचा आणखी एक गुण म्हणजे विश्वास. औंध संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथं भिंती नव्हत्या. कैदी शेती करीत. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिली ती याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी.

१९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून दिवस काढले. आता कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर उचलून आटपाडी-सांगोल्याकडे आणलं जातं. आनंद आहेच. पण खरी परीक्षा इथूनच पुढे आहे. वर चढवलेल्या पाण्याच्या थेंबाथेंबाला विजेचं मोल पडतं. शाळू थंडीवर आणि जमिनीतल्या ओलीवर पिकतो. उसाला वर्षभर पाणी लागतं. वरच्या अंगाला असलेल्यानं पाटभर पाणी उसाला लावलं, तर शेपटाकडच्या गावानं काय करायचं? टंचाईनं लोकांना एकमेकांचं घोंगडं पांघरायला शिकवलं. सुबत्तेनं ते हिसकावून घ्यायला शिकवू नये.

गुरुजनांना एक विनंती. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवा. मुलांना रोजचा पाऊस आणि गावातल्या एका विहिरीची पातळी फळ्यावर लिहू द्या. घरचा जमाखर्च आपण मांडतोच. गावाच्या पाण्याचा कधी मांडतो का? चावडीवर तो आकडा वाचला गेला, म्हणजे कोणतं पीक घ्यायचं याचा वाद भांडणावर न जाता हिशेबावर येईल. पाणी बाहेरून आणता येतं. ते वाटून घेण्याची रीत मात्र गावातच पिकवावी लागते.