डोंगरावरील नगरपालिका : सिमल्याच्या निवडणुकांचा धडा

(पक्षाच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



नळ, गटार आणि दिवाबत्ती म्हणजे नगरपालिका, आणि राजकारण म्हणजे विधानसभा व लोकसभा, अशी एक समजूत कार्यकर्त्यांमध्येही आढळते. ही समजूत सत्ताधारी वर्गाच्या सोयीची आहे. कष्टकरी माणसाचा राज्यसंस्थेशी रोजचा संबंध येतो तो नळावर, कचऱ्याच्या गाडीपाशी, घरपट्टीच्या बिलात आणि झोपडीवर लागलेल्या नोटिशीत. या रोजच्या संबंधात सत्ता कोणाकडे असते आणि ती कोणासाठी वापरली जाते, हे तपासण्यासाठी सिमला या डोंगरी शहराचे उदाहरण फार उपयोगी आहे. शहर लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १,६९,५७८ होती. परंतु स्थानिक स्वराज्याचे जवळजवळ सर्व अंतर्विरोध तेथे उघडपणे पाहायला मिळतात.

साहेबांचे शहर, हमालांचे शहर

सिमल्याची नगरपालिका १८५१ साली स्थापन झाली. १८६४ पासून हे शहर ब्रिटिश हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी बनले आणि १९०३ मध्ये कालका-सिमला रेल्वे धावू लागली. गोऱ्या साहेबाला उन्हाळ्यात गारवा मिळावा हाच या शहराच्या उभारणीचा मूळ हेतू होता, आणि त्याची रचनाही त्याच हेतूने झाली. वर कड्यावर माल रोड, बंगले, क्लब आणि नाट्यगृह. खाली उतारावर लोअर बाजार आणि त्याहीखाली भंगी, हमाल, रिक्षा ओढणारे यांच्या वस्त्या. आसपासच्या पहाडी संस्थानांतील शेतकऱ्यांना साहेबांचे सामान वाहण्यासाठी बेगारीवर धरून आणले जाई. या बेगारीविरुद्ध १९२० च्या सुमारास जो लढा उभा राहिला, त्यात सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स यांनी पुढाकार घेतला होता.

साहेब गेले, १९६६ मध्ये सिमला हिमाचल प्रदेशात आले आणि १९७१ मध्ये पूर्ण राज्याची राजधानी झाले. वरचा आणि खालचा हा भेद मात्र नाहीसा झाला नाही. माल रोडवर आजही सर्वसाधारण वाहनांना मज्जाव आहे. तेथील शांततेचे पर्यटक कौतुक करतात. परंतु ज्या रस्त्यावर गाडी जात नाही, त्या रस्त्यावर गॅसचे सिलिंडर, सिमेंटची पोती आणि हॉटेलांचा माल माणसाच्या पाठीवरून जातो. काश्मीरमधून येणारे मजूर पिढ्यान् पिढ्या हे ओझे वाहत आले आहेत. विश्रांतीचे शहर अशा श्रमावर उभे आहे, आणि त्या श्रमिकांपैकी अनेकांचे नाव शहराच्या मतदारयादीत नसते. पर्यटनाच्या शहरातील लोकशाहीची ही पहिली मर्यादा होय.

२०१२ चा कौल

त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले. शहरांसंबंधीची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. दर पाच वर्षांनी निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, महिलांना किमान एकतृतीयांश राखीव जागा, या तरतुदी तीत आहेत. पाणीपुरवठा, नगरनियोजन, झोपडपट्टी सुधारणा अशा १८ विषयांची यादी बाराव्या परिशिष्टात दिलेली आहे. मात्र हे विषय सोपविणे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर ठेवले आहे. म्हणजे निवडणूक बंधनकारक, अधिकार ऐच्छिक! या एका फटीतून पुढचे सारे राजकारण घडले.

मे २०१२ मध्ये सिमल्यात महापौर आणि उपमहापौर या दोन्ही पदांसाठी थेट जनतेतून मतदान झाले. थेट निवडणुकीची तरतूद तेव्हाच्या भाजप राज्य सरकारने केली होती. महापालिकेवर त्यापूर्वी अडीच दशके काँग्रेसचे वर्चस्व होते, आणि लढत या दोन पक्षांतच होईल असे सर्वांनी गृहीत धरले होते. निकाल लागला तेव्हा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे संजय चौहान महापौर आणि टिकेंद्र सिंह पंवार उपमहापौर म्हणून निवडून आले. दोघेही विद्यार्थी चळवळीतून पुढे आलेले. विद्यापीठातील विद्यार्थी, सरकारी व खाजगी कर्मचारी, सफाई कामगार, छोटे दुकानदार यांच्यात वर्षानुवर्षे केलेल्या कामाची ती पावती होती.

परंतु त्याच दिवशी त्याच मतदारांनी निवडलेल्या सभागृहाचे चित्र वेगळे होते. २५ प्रभागांपैकी भाजपला १२, काँग्रेसला १० आणि माकपला अवघ्या ३ जागा मिळाल्या. शहराने महापौर कम्युनिस्ट निवडला आणि सभागृह भांडवली पक्षांच्या हाती दिले. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्रभागात मत देताना नातेसंबंध, गावपण, ठेकेदाराचे उपकार, घराच्या बेकायदा मजल्याला मिळणारे संरक्षण ही गणिते काम करतात. शहराच्या पातळीवर मत देताना तोच मतदार प्रामाणिकपणा आणि लढाऊपणा पाहतो. चळवळीने लोकांचा विश्वास मिळविला होता. गल्लीतील संघटना मात्र तिने तेवढ्या प्रमाणात उभी केली नव्हती.

पद आणि सत्ता

महापौरपद मिळाले म्हणजे सत्ता मिळाली असे नव्हे. महापालिकेचा आयुक्त राज्य सरकार नेमते, त्याची बदली राज्य सरकार करते आणि प्रशासनाची दोरी त्याच्या हाती असते. १८७१ च्या पॅरिस कम्यूनचा अभ्यास करताना मार्क्सने ज्या गोष्टीला महत्त्व दिले, ती म्हणजे निर्णय घेणारे आणि अंमल करणारे मंडळ एकच होते आणि त्याचे सभासद लोकांना परत बोलावता येत होते. भारतीय नगरपालिकेची रचना नेमकी याच्या उलट आहे. निवडलेला माणूस बोलतो, नेमलेला माणूस सही करतो.

पाण्याच्या प्रश्नात हे स्पष्ट झाले. सिमला सुमारे २,२०० मीटर उंचीवर वसले आहे, आणि गुम्मा, गिरी यांसारख्या योजनांचे पाणी शेकडो मीटर खालून पंपाने वर चढवावे लागते. पाणी उचलण्याचे काम राज्य सरकारच्या खात्याकडे आणि घरोघरी पोहोचविण्याचे काम महापालिकेकडे, अशी विभागणी होती. डिसेंबर २०१५ पासून शहरात काविळीची मोठी साथ पसरली. मल्याणा येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे दूषित पाणी अश्वनी खड्ड या ओढ्यात मिसळत होते आणि त्याच ओढ्याचे पाणी शहराला पाजले जात होते. केंद्र चालविण्याचे काम ठेकेदाराकडे, देखरेख सरकारी खात्याकडे आणि लोकांचा रोष मात्र महापौराच्या दारात! जानेवारी २०१६ मध्ये अश्वनी खड्डचा पुरवठा बंद करावा लागला. त्यानंतर पाणी आणि मलनिःसारण यांची सर्व जबाबदारी एका छत्राखाली आणण्यासाठी महापालिकेच्या अखत्यारीत स्वतंत्र मंडळ उभारण्याची व्यवस्था झाली. विभागलेली जबाबदारी म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही, हे सत्य लोकांनी आजारपण सोसून शिकले.

ही व्यवस्था टिकली नाही. मे-जून २०१८ मध्ये अभूतपूर्व पाणीटंचाई आली. शहराची रोजची गरज चार कोटी लिटरांहून अधिक असताना पुरवठा जवळपास निम्म्यावर आला. उन्हाळी महोत्सव पुढे ढकलावा लागला, पर्यटकांनी येऊ नये अशी आवाहने निघाली. राज्यपाल आणि मुख्यमंत्री वगळता कोणाही बड्या व्यक्तीला टँकर देऊ नये, असा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. टंचाईतही पाणी वरच्या उतारावर आधी पोहोचत होते, हेच त्या आदेशाने सिद्ध केले. या संकटाचा उपयोग करून पाणीपुरवठा ‘शिमला जल प्रबंधन निगम’ या कंपनीकडे सोपविण्यात आला आणि जागतिक बँकेचे कर्ज आले. नगरसेवकाला सभागृहात जाब विचारता येतो. कंपनीच्या संचालक मंडळाला गल्लीतील माणूस कोठे गाठणार? सत्ताधारी पक्ष बदलले तरी हे धोरण बदलले नाही, यातच त्याचे वर्गीय स्वरूप स्पष्ट होते.

नियम कोण बदलतो?

२०१२ च्या निकालानंतर थेट निवडणुकीची पद्धत रद्द झाली. भाजपने आणलेली तरतूद काँग्रेसच्या राज्यात मोडीत निघाली. जून २०१७ मध्ये ३४ प्रभागांसाठी मतदान झाले. भाजपला १७, काँग्रेसला १२, अपक्षांना ४ आणि माकपला १ जागा मिळाली. महापौर नगरसेवकांनी निवडला. पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये संपली. मात्र प्रभागांची संख्या ४१ करणे, मग ती पुन्हा ३४ वर आणणे आणि प्रभागरचनेवरील न्यायालयीन वाद यांत जवळजवळ वर्ष गेले. तोवर निवडून आलेले सभागृहच नव्हते. अखेर २ मे २०२३ रोजी मतदान झाले. काँग्रेस २४, भाजप ९, माकप १. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महापौराचा अडीच वर्षांचा कालावधी पाच वर्षांचा करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे महिलेची संधी हिरावली जाते, असा आक्षेप घेतला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

महाराष्ट्रातील साथींना ही कहाणी अपरिचित वाटणार नाही. थेट नगराध्यक्षाची पद्धत तेथे २०१६ मध्ये आली, सरकार बदलल्यावर गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचे राज्य होते. थेट निवडणूक चांगली की अप्रत्यक्ष, हा वाद म्हणूनच अपुरा आहे. खेळ सुरू असताना नियम बदलण्याचा अधिकार राज्यकर्त्यांच्या हाती का, हा खरा प्रश्न आहे.

डोंगर खचतो तेव्हा

सिमला साधारण २५ हजार वस्तीसाठी आखले गेले, असे म्हटले जाते. आज त्याच उतारांवर कितीतरी पट बांधकाम आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बांधकामावर कडक मर्यादा घातल्या; जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लवादाचे आदेश रद्द करून २०४१ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मार्ग मोकळा केला. या दोन तारखांच्या मध्ये ऑगस्ट २०२३ येतो. १४ ऑगस्टला समर हिल येथे शिवमंदिरावर दरड कोसळून २० माणसे दगावली. दुसऱ्याच दिवशी कृष्णानगर या दलित, कष्टकरी वस्तीत दरडीने घरे उद्ध्वस्त केली. निसर्गाचा कोप म्हणून हा विषय संपविता येत नाही. कोणत्या उतारावर किती मजले, पाण्याचा निचरा कोठून, हे प्रश्न नगरनियोजनाचे आहेत. नगरनियोजन हा बाराव्या परिशिष्टातील पहिलाच विषय आहे, आणि प्रत्यक्षात नगरपालिकेच्या हातात तो सर्वांत कमी आहे. हॉटेलवाल्याचा जादा मजला दंड भरून नियमित होतो. सफाई कामगाराचे घर धोकादायक ठरून रिकामे करविले जाते.

माथेरानसारख्या लहान गिरिस्थानातही हेच सूत्र दिसते. मोटारबंदी पर्यावरणासाठी योग्यच. परंतु तिचा भार हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाने वाहिला. ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. पर्यायी रोजगार त्याच श्रमिकांच्या हाती राहतो की कोणा मक्तेदाराच्या, यावर लक्ष ठेवणे हे स्थानिक चळवळीचे काम आहे.

कोणती कामे?

सिमल्याच्या अनुभवातून काही निष्कर्ष निघतात. पहिला : प्रत्येक प्रभागात पाणी, कचरा, भाडेकरू आणि फेरीवाले यांच्या समित्या निवडणुकीपूर्वीच उभ्या असल्या पाहिजेत. वरचा विजय खालच्या संघटनेविना अधांतरी राहतो. दुसरा : हंगामी व स्थलांतरित कामगारांची मतदारनोंदणी हे वर्गीय काम आहे, कारकुनी नव्हे. तिसरा : पाणी, वाहतूक, नियोजन हे विषय कंपन्यांच्या स्वाधीन न करता निवडलेल्या सभागृहाकडे द्यावेत आणि त्यासोबत निधी व कर्मचारीही द्यावेत, ही मागणी राज्य पातळीवर लढविली पाहिजे. चौथा : पद हाती असताना आपल्याला काय करता येत नाही आणि कोणामुळे करता येत नाही, हे लोकांना रोज, आकड्यांसह सांगितले पाहिजे. तसे न झाल्यास ठेकेदाराचे पाप लोकप्रतिनिधीच्या माथी बसते.

२०१२ मध्ये सिमल्यातील मतदारांनी डाव्या चळवळीला शहराची सर्वांत वरची दोन पदे दिली, आणि २०२३ मध्ये एक प्रभाग. या दोन आकड्यांमध्ये निराश होण्यासारखे काही नाही, आणि फुशारकी मारण्यासारखेही नाही. लोक विश्वास टाकायला तयार असतात, एवढे पहिल्या आकड्याने दाखविले. तो विश्वास गल्लीगल्लीत रुजवावा लागतो, हे दुसऱ्याने दाखविले. ते काम पुढच्या निवडणुकीची वाट पाहत नाही.